हाडांवरची चांदी

फिल्म बनवणाऱ्या माणसाने चांगली फिल्म कधी पाहिलेली नसते. हे सांगितलं की लोक हसतात, पण त्यात विनोद काही नाही. फिल्म डोळ्यांना दिसली म्हणजे तिच्यावर उजेड पडला, आणि उजेड पडला म्हणजे ती गेली. कारखान्यात आम्ही उजेडात जे काही हातात धरायचो, ते एकतर नासलेलं असायचं, नाहीतर तपासणीसाठी मुद्दाम कापून, धुऊन संपवलेलं. जे धड होतं ते काळ्या कागदात, डब्यात, चिकटपट्टीने बंद होऊन निघून जायचं. ज्याने विकत घेतलं त्यानेही ते पाहिलं नाही. त्याने पाहिला तो फोटो. लग्नातल्या फोटोत नवरीचा चेहरा दिसावा, मुंडावळ्या दिसाव्यात, मागे डोकावणारा आगाऊ मामा दिसावा. फिल्म तेवढी दिसू नये. रेघ, डाग, ओरखडा, एवढ्याच रूपांत आम्ही लोकांसमोर यायचो, आणि आलो की शिव्या खायचो.

माझी सगळी नोकरी या न दिसणाऱ्या वस्तूत गेली. ऊटीजवळ इंदूनगरला, हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यात. निवृत्तीनंतर टोकावड्याला परत आलो. कल्याणहून मुरबाड, सरळगाव करत माळशेजचा रस्ता धरला की टोकावडे लागतं. पावसाळ्यात मुंबईची माणसं धबधब्यांकडे धावतात तेव्हा इथे चहा-वडापावपुरती थांबतात. पुढे वैशाखरे, तिथून नाणेघाटाची वाट. सातवाहनांच्या काळापासून माल याच बाजूने वर चढला आणि खाली उतरला. मी मात्र उतरलो तो कल्याणला, तिथून माटुंग्याला रसायनाचं इंजिनीअरिंग शिकायला, आणि तिथून एकदम निलगिरीत चढलो.

गावात माझ्या नोकरीचा पत्ता कधीच कुणाला नीट लागला नाही. सुट्टीवर आलो की पारावर विचारायचे, “मंग, तू फोटू काढतोस का?” नाही म्हटलं की, “मंग धुतोस?” तेही नाही. “मंग करतोस काय?” ज्यावर फोटो निघतो ते बनवतो, असं सांगितलं की म्हातारे माना डोलवायचे आणि विषय भाताकडे वळवायचे. त्यांची चूक नव्हती. कॅमेरा ही वस्तू त्यांनी म्हसेच्या जत्रेत पाहिली होती. पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते, बैलांचा बाजार होतो, घोंगड्या विकायला येतात. त्या गर्दीत तंबूतला फोटोवाला असायचा, मागे रंगवलेला पडदा आणि पुठ्ठ्याचं विमान. विमानात बसलेले माझे आजा-आजी घरात आजही भिंतीवर आहेत. आजा विमानात बसूनही काठी सोडायला तयार नव्हता, ती खिडकीतून बाहेर आली आहे. हा फोटो ज्या फिल्मवर निघाला ती परदेशातली असणार. तेव्हा आपल्याकडे फिल्म बनतच नव्हती.

आपल्याकडे सिनेमा आला आणि फिल्म आली नाही, ही गोष्ट मला फार वर्षं चमत्कारिक वाटत आली आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, त्याबरोबर भोकं पाडायचं यंत्र आणलं, आणि कच्ची फिल्म बाहेरून मागवली. ती फिल्म कोरी यायची, कडेची भोकंसुद्धा नसायची. ती भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुण्याची रसायनं कालवणं, रात्री अंधारात फिल्म धुणं हेही त्यांच्याकडे होतं, आणि दिवसा साऱ्या चमूचा स्वयंपाक. राजा हरिश्चंद्र 1913 च्या मे महिन्यात लागला तो आपण साजरा करतो, हरिश्चंद्राचा चेहरा आठवतो. पण फिल्म सरकते ती त्या भोकांवर. भोक केसभर तिरकं पडलं की पडद्यावर राजाच हलायला लागतो. आमच्याकडे हे काम यंत्रं करायची आणि त्यावर नजर ठेवायला माणसं होती, कोष्टकं होती. दादरच्या घरात ते एक बाई अंधारात हाताच्या अंदाजाने करत होती. आमच्या धंद्यातला पहिला मराठी माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी फाळक्यांचं नाव घेत नाही, सरस्वतीबाईंचं घेतो.

त्यानंतरही कितीतरी वर्षं सगळी फिल्म बोटीनेच येत राहिली. दुसऱ्या महायुद्धात बोटी अडल्या तेव्हा सरकारने चित्रपटाच्या लांबीवर 11,000 फुटांची मर्यादा घातली होती. गाणी कापा, भांडणं आटपा, फिल्म नाही. स्वातंत्र्यानंतर आपली फिल्म आपण बनवायची असं ठरलं आणि 1960 मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स कंपनी निघाली. तंत्र फ्रान्सच्या बोशे कंपनीचं. 1967 मध्ये माल बाहेर पडायला लागला, नाव ‘इंदू’. कृष्णधवल रोल, सिनेमाची फिल्म, एक्स-रे, फोटोचा कागद.

ऊटी निवडली ती हवेसाठी. फिल्मचे शत्रू तीन: उजेड, धूळ आणि ऊब. उजेड भिंतींनी अडतो, पण धूळ आणि ऊब अडवायला पैसे लागतात. दोन हजार मीटरच्या वर, भोवती चहाचे मळे, निलगिरी आणि वॅटलची झाडं, थंड स्वच्छ पाणी. कोकणातल्या किंवा आमच्या मुरबाडच्या हवेत हा कारखाना चालवायचा तर पावसाळ्याचे चार महिने फिल्म बनवण्यापेक्षा हवा सुकवण्यातच गेले असते. बुरशीला जिलेटिन आवडतं. आमच्या आजा-आजीच्या विमानावरही ती चढली आहे, शेपटीकडून.

ऊटीत मला परकं वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. थंडीने बोटं आखडायची, भाषा कळत नव्हती, सांबारात गूळ नसायचा. पण शेजारच्या मुथोराईच्या डोंगरावर 1970 पासून रेडिओ दुर्बीण उभी होती आणि तिचं मला मोठं अप्रूप होतं. गोविंद स्वरूप यांनी अख्ख्या दक्षिणेत असा उतार शोधला होता, की डोंगराचा कल त्या जागेच्या अक्षांशाइतका, सुमारे 11 अंश, पडेल. त्या उतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण आडवी टाकली, म्हणजे ती एकाच आसावर फिरवून ताऱ्यामागे जाता येतं. आम्ही आणि ते एकाच गावाचं पाणी पीत होतो. आम्ही उजेड पकडायची वस्तू बनवत होतो, आणि त्यांना आकाश बघायला आमची फिल्म लागतच नव्हती. पुढे गंमत झाली. याच मंडळींनी मोठी दुर्बीण उभारायची ठरवली तेव्हा जागा निवडली ती खोडद, नारायणगावजवळ. तीस प्रचंड तबकड्या. म्हणजे आमच्या टोकावड्याहून नाणेघाट चढून जुन्नर ओलांडलं की पुढे. मी माझा घाट सोडून ऊटीला बसलो, आणि ऊटीची माणसं माझ्या घाटमाथ्यावर आली.

फिल्म म्हणजे काय, हे थोडं सांगावं लागेल. एक पारदर्शक पट्टी, आणि तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर. त्या थरात चांदीच्या क्षारांचे अगदी बारीक स्फटिक. पट्टी आधी ॲसिटेटची असायची, एक्स-रेसाठी नंतर पॉलिएस्टरची आली. थराची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. आम्ही त्याला इमल्शन म्हणायचो. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण आणि पोटॅशियम ब्रोमाइडचं द्रावण गरम जिलेटिनमध्ये ठरलेल्या गतीने सोडायचं, ढवळत राहायचं, आणि स्फटिक किती मोठे होऊ द्यायचे ते ठरवायचं. मोठे झाले तर फिल्म वेगवान, पण फोटो रवाळ. लहान राहिले तर फोटो मुलायम, पण उजेड जास्त मागणार. मग ते थंड करून गोठवायचं, चाळणीतून दाबून शेवया पाडायच्या आणि गार पाण्यात धुवायच्या, म्हणजे नको ते क्षार निघून जातात. आईने श्रावणाआधी वळलेल्या शेवया आणि या शेवयांत फरक एवढाच, की या अंधारात, मिणमिणत्या लाल-हिरव्या दिव्याखाली वळल्या जायच्या आणि किलोमागे त्यांची किंमत सोनाराला विचारावी अशी असायची.

चांदीचं सगळ्यांना कळतं. जिलेटिनचं कुणाला सांगितलं तर तोंड वाकडं होतं, म्हणून बहुतेक सांगत नाही. फोटोचं जिलेटिन गुरांच्या हाडांतून निघतं. हाडं कुटायची, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून त्यांतले खनिज क्षार काढून टाकायचे, उरतं ते मऊ ओसीन. ते चुन्याच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे, कधी महिन्यांवर मुरत ठेवायचं, आणि मग कोमट पाण्यात जिलेटिन सुटतं. घाई केली की बिघडलं. हिंदुस्थानातून कुटलेली हाडं युरोपात बोटी भरून जायची, आणि तिथल्या फोटोच्या कारखान्यांना ती लागायची. पुढे जबलपूरला आणि केरळातही कारखाने निघाले.

हे शिकताना मला आमच्या गावाबाहेरची, मेलेली गुरं टाकायची जागा आठवायची. कातडं जायचं, गिधाडं येऊन जायची (तेव्हा गिधाडं होती), आणि पांढरी स्वच्छ हाडं उरायची. उन्हाळ्यात एक माणूस बैलगाडी घेऊन यायचा, पोती भरायचा, कल्याणच्या बाजूला न्यायचा. ती कुठे जातात हे आम्हा पोरांना माहीत नव्हतं. कुणी म्हणायचं साखर साफ करायला, कुणी म्हणायचं खतात. आमचा पाखऱ्या नावाचा बैल होता, अख्खा माळ त्याने नांगरला, तोही त्या पोत्यांतूनच गेला असणार. ऊटीहून पहिल्यांदा गावी आलो तेव्हा जेवताना मी हे बाला सांगितलं. बा माळकरी, मासळीचा वासही चालायचा नाही. मला वाटलं आता हा मला नोकरी सोडायला लावतो. त्याने घास गिळला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “म्हंजे मेल्यावरबी बैलाची सुटका नाय. तितंबी जुपलाच त्याला.”

आणि बैल काय खातो यावरही फिल्म ठरते. 1920 च्या सुमारास जगभरच्या कारखान्यांत एक कोडं होतं. एका घाण्याचं जिलेटिन वापरलं तर फिल्म उजेडाला चटकन प्रतिसाद देते, दुसऱ्या घाण्याचं वापरलं तर मंद पडते. पाककृती तीच, चांदी तीच. कोडॅकमधल्या सॅम्युअल शेपर्डने चिकाटीने शोध घेतला आणि 1925 मध्ये उत्तर सांगितलं: गुरांनी मोहरीवर्गातली रोपं खाल्लेली असतात, त्यांतलं गंधकयुक्त द्रव्य लेशमात्र जिलेटिनमध्ये उतरतं, आणि तो लेशच स्फटिकांना संवेदनशील करतो. म्हणजे जगातल्या सिनेमाचा वेग गाईगुरं कुठल्या बांधावर चरली त्यावर अवलंबून होता. कळल्यावर मग गंधक मोजून घालायला लागले. नंतर जर्मनीत आग्फाच्या माणसांना सोन्याचाही असाच गुण सापडला आणि त्यांनी तो बरीच वर्षं गुलदस्त्यात ठेवला. आमच्या हाताखाली नवीन पोरं यायची, कॉलेजची ताजी, त्यांना मी पहिल्यांदा ही मोहरीची गोष्ट सांगायचो. सूत्रं त्यांना यायची. लेशमात्राचा धाक यायचा नाही, तो या गोष्टीने बसायचा.

एका स्फटिकात अब्जावधी चांदीचे अणू बांधलेले असतात. त्यावर उजेडाचे थोडे कण पडले की त्यांतले तीन-चार अणू सुटे होऊन एका जागी जमतात. बस्स. डोळ्याला काहीच दिसत नाही, सूक्ष्मदर्शकालाही नाही. पण रसायनात टाकलं की त्या चार अणूंच्या जोरावर अख्खा स्फटिक काळा पडतो. शटर मिटल्यापासून रोल धुवेपर्यंत फोटो असतो आणि नसतो. जत्रेतला फोटोवाला ‘पुढच्या बाजारी घेऊन जा’ म्हणायचा, तोवर आजा-आजी असे चार-चार अणूंवर तग धरून होते.

आता अंधाराबद्दल. लाल दिवा सगळीकडे चालत नाही. फिल्म सगळे रंग ओळखायला लागली की तिला लालही दिसतो, आणि मग काहीच लावता येत नाही. पट्टीवर इमल्शन चढवायचा विभाग असा ठार काळोखाचा. मैलभर लांबीची पट्टी रुळांवरून वाहत असते, तिच्यावर पातळ थर बसतो, लगेच थंड हवेत गोठतो, मग गाळलेल्या कोरड्या हवेत लांबच लांब फिरून सुकतो. हे सगळं माणसं ऐकून चालवायची. पंख्याच्या आवाजात किंचित घरघर आली, रुळाची लय चुकली, की कळायचं. रेडियमच्या काट्यांचं घड्याळ आत न्यायचं नाही, काडेपेटी तर नाहीच. चालताना एक हात कठड्यावर, आणि तोंडाने काहीतरी बोलत राहायचं म्हणजे समोरचा आदळत नाही. तमिळ मंडळी “वर्रेन्, वर्रेन्” करत यायची, बडगा मंडळी शीळ घालायची. मी गुणगुणायचो. त्यांनी माझ्या अभंगाच्या चालीवरून मला ओळखायला सुरुवात केली आणि माझा चेहरा काही जणांना बराच काळ माहीत नव्हता. कँटीनमध्ये एकदा शेजारी बसलेल्याने माझा आवाज ऐकून दचकून वळून पाहिलं: अच्छा, तो तू होय!

मला त्या काळोखाची भीती वाटली नाही. शहरातून आलेल्यांना वाटायची. काही जण महिन्याभरात बदली मागायचे. टोकावड्याला अमावस्येच्या रात्री आषाढात पाऊस लागला की दारातून गोठा दिसत नसे आणि गुरांना तर पाणी दाखवावंच लागे. तिथे डोळे ताणून उपयोग नसतो, पायांवर सोपवायचं असतं. निवड समितीने मला थर्मोडायनॅमिक्स विचारलं होतं. खरं म्हणजे गोठ्याबद्दल विचारायला हवं होतं.

बिघाडांची नावं आमच्यात रोजच्या तोंडची होती. धुळीचा कण अडकून मागे शेपूट सोडतो त्याला धूमकेतू. थरात हवेचा बुडबुडा फुटला तर टाचणीचं भोक. पण सगळ्यांत देखणा बिघाड स्थितिक विजेचा. हवा जास्त कोरडी झाली, फिल्म रुळावरून घाईने सुटली की ठिणगी उडते. इतकी बारीक, की कुणाला दिसत नाही. पण फिल्म पाहते. धुतल्यावर तिच्यावर काळं झाड उमटतं: खोड, फांद्या, डहाळ्या, शेवटच्या टोकापर्यंत. पानगळीनंतरच्या पळसाइतकं नेमकं. आम्ही ती झाडं असलेली फिल्म मोडीत टाकायचो, चांदी परत काढायला. एक तुकडा मी ठेवला असता तर बरं झालं असतं, पण बाहेर काही न्यायची परवानगी नव्हती आणि माझ्या अंगात तेवढं धाडसही नव्हतं.

फिल्म कुणाचीही भीड ठेवत नाही, याचा मोठा दाखला अमेरिकेत घडला. 1945 च्या उन्हाळ्यानंतर कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर काळे ठिपके यायला लागले. कारखान्यात सगळं जागच्या जागी. ज्युलियन वेब नावाच्या शास्त्रज्ञाने माग काढला तो गुंडाळायच्या पुठ्ठ्यापर्यंत. पेंढ्यापासून केलेला पुठ्ठा, इंडियाना राज्यातल्या नदीकाठच्या गिरणीतला. त्या नदीच्या पाण्यात किरणोत्सर्गी धूळ आली होती, 16 जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेल्या पहिल्या अणुस्फोटाची. स्फोट गुपचूप झाला होता, लष्कर गप्प होतं, आणि दीड-दोन हजार किलोमीटरवर पेंढ्यात गुंडाळलेल्या फिल्मने ते सांगून टाकलं होतं. आमच्याकडे भात झोडून झाल्यावर पेंढ्याच्या गंजी रचतात तेव्हा मला दरवर्षी ही गोष्ट आठवते आणि दरवर्षी सांगायला कुणी नसतं.

बाच्या खोकल्याची गोष्ट माझ्या ऊटीच्या काळातली. गावाहून तार आली, मी आलो, त्याला घेऊन मुरबाडला डॉक्टरांकडे गेलो. छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी ती ओली-सुकी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली आणि बोटाने दाखवायला लागले, इथे सावली आहे, वरच्या बाजूला. बा वाकून बघत होता. मीही बघत होतो, पण मला फुप्फुस दिसेना. आधी दिसला तो पट्टीचा निळसर रंग. मग कडा, सरळ कापलेली. मग मी ती तिरपी करून थरावरची चकाकी पाहिली, दोन्ही बाजूंनी, कारण एक्स-रेला दोन्हीकडे थर असतो. एक फिकट आडवी पट्टी दिसल्यासारखी वाटली आणि पोटात गोळा आला. नंतर कळलं ती खिडकीच्या गजाची सावली होती. कोपऱ्यावरचं नाव वाचलं. आमचंच होतं. डॉक्टर विचारत होते, “कळलं ना?” मी म्हटलं, “हो, थर एकसारखा आहे.” ते माझ्याकडे बघत राहिले.

मग मला फासळ्या दिसल्या. बाच्या, एकामागून एक, स्वच्छ. हाडांच्या सत्त्वावर उमटलेली हाडं. क्षयच निघाला, औषधं नेटाने घेतली, बरा झाला आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं आम्हाला भातलावणीला उठवत राहिला. त्या दिवशी घरी येताना एसटीत त्याने विचारलं, “तो कागूद तू केलास?” मी म्हटलं, मी एकट्याने नाही, पण हो. तर म्हणाला, “मंग तुज्यापरीस डाक्टरला कसा जास्त कळला?” याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं. आता आहे: त्याला जास्त कळावं म्हणूनच आम्ही तो तसा केला होता.

नंतरची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि जिथे दुखतं तिथे लांबण लावू नये. 1980 च्या जानेवारीत हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला 50 डॉलरच्या आसपास गेली, तेव्हा जगभरच्या फिल्म-कारखान्यांची झोप उडाली आणि थरात चांदी कमी कशी घालायची याची स्पर्धा लागली. आम्ही पॉलिएस्टर एक्स-रेचा मोठा प्रकल्प कर्ज काढून उभारत होतो, तोवर 1991 उजाडलं, बाहेरच्या मालावरचं आयात शुल्क उतरत गेलं. 1996 मध्ये कंपनीची नोंद आजारी उद्योगांत झाली. आणि खरा घाव अजून यायचाच होता. तो कुठल्या प्रतिस्पर्ध्याकडून नव्हे, चांदीशिवायच्या कॅमेऱ्याकडून आला. 2012 मध्ये कोडॅकनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. आम्हाला सरकारने बुडवलं की आळसाने की काळाने, यावर इंदूनगरची निवृत्त मंडळी अजून फोनवर तावातावाने भांडतात. मला वाटतं, तिन्ही खरं, पण ज्या धंद्यात कोडॅकवरही ही वेळ आली तिथे आम्ही टिकलो असतो असं म्हणायला छाती लागते. मला हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आवाजावरून पट्टीची नाडी ओळखणारी माणसं होती, त्यांचं ते ज्ञान कुठल्याही वहीत उतरलेलं नाही, आणि उतरवायचं म्हटलं तर कसं, तेही कळत नाही.

गेल्या पावसाळ्याआधी भंगारवाला आला. मोटारसायकल, मागे गोणी, ध्वनिमुद्रित आरोळी: लोखंड, पत्रा, रद्दी, जुने एक्स-रे. मी आतून बाहेर आलो. एक्स-रे कशाला, असं मुद्दामच विचारलं. पंचविशीचा पोरगा, मुरबाडचा. म्हणाला, “काका, चांदी असते त्याच्यात.” किती, विचारलं. “किलोमागं पंधरा-वीस ग्रॅम. निघंल तशी.” आकडा बरोबर होता. काढता कशी? तर कॉस्टिकच्या पाण्यात उकळायचं, थर सुटतो, प्लॅस्टिक वेगळं, चांदीचा गाळ खाली बसतो, तो आटवायचा. काम दुसरीकडे होतं, तो नुसता माल जमवणारा, पण सगळं पाहून आला होता. महिनोन्‌महिने चुन्यात मुरवून, शेवया पाडून, काळोखात श्वास रोखून जे आम्ही चढवायचो, ते तासाभरात उतरतं म्हणे.

मी कपाटातून बाचा एक्स-रे आणला. विकायला नाही, दाखवायला. आजवर ज्याने ज्याने तो पाहिला त्याने आधी फासळ्या पाहिल्या आहेत. या पोराने फासळ्यांकडे बघितलंही नाही. अंगठ्याने कडा चाचपली, फिल्म वाकवून ताण पाहिला, उन्हात तिरपी धरून दोन्हीकडचा थर बघितला आणि हातातच तोलली.

“जुना माल आहे,” म्हणाला. “भारी. नव्यात दम नाय, नव्यात चांदी कमी घालतात.”

का कमी घालतात, ते मी त्याला सांगायला लागलो. हंट बंधूंपासून सुरुवात केली. स्फटिक चपटे केले की कमी चांदीत जास्त जागा कशी झाकली जाते, हे अंगणातल्या मातीत काडीने काढून दाखवलं. त्याने गाडी बंद केली, आरोळीही बंद केली, आणि उकिडवा बसला. मध्येच विचारलं, “मग काका, सगळ्यांत जास्त चांदी कुठल्या कंपनीच्या मालात?” इतक्या वर्षांत कामाचा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. मी म्हटलं, बस, चहा टाकायला सांगतो, ते एवढ्यात सांगून होणार नाही.